शेवटची वाफ

१

मुस्तिक्कीनं त्या दिवशी पुन्हा तेच केलं. तळ्यावर पाणी प्यायला निघालेली ती गाय पायवाट सोडून सरळ सौन्याकडे, वाफेच्या न्हाणीघराकडे वळली, उंबऱ्यापाशी मान खाली घातली आणि लागली चाटायला. नेस्तोरीनं दावं ओढलं, शिव्या घातल्या, पाठीवर दोन थापा मारल्या. छे! ढिम्म हलेना.

"अगं ए महामाये, गोठ्यात तुला काय कमी पडतंय? लाकूड कसलं चाटतेस?"

गाय काय बोलणार? तिनं एकदा डोळा फिरवून मालकाकडे पाहिलं आणि जीभ पुन्हा उंबऱ्याला लावली. शेवटी त्यानं तिला खांदा लावून ढकललं तेव्हा कुठे ती निघाली. जाताना मात्र मागं वळून वळून बघत होती. हे आठवड्यात तिसऱ्यांदा होत होतं.

नोव्हेंबर संपत आला होता. मिनेसोटाच्या त्या उत्तर टोकाला दुपारी चारला दिवे लावायची वेळ येते. चाळीस एकर जमीन नावावर होती खरी, पण जमीन म्हणजे काय, तर लाकूड कंपनीनं जंगल कापून नेलेलं, मागे राहिलेले बुंधे आणि दगड. खाणीत दीड वर्ष घासून नेस्तोरीनं ती घेतली. आल्या आल्या त्यानं सौना बांधला, घर नाही. त्या भागातल्या झाडून सगळ्या फिन माणसांनी तसंच केलं होतं. ओंडक्यांची एकच खोली, कोपऱ्यात दगडांची भट्टी, भिंतीला लागून बसायचे चढते तीन माच. पहिला हिवाळा नवराबायकोनं त्याच खोलीत काढला. घर उभं राहिलं ते यंदाच्या ऑक्टोबरात.

सौन्याशिवाय फिन माणसाचं पान हलत नाही. दर शनिवारी तिथं न्हायचं, तिथंच बाळंत व्हायचं, आणि मेल्यावर तिथंच शेवटचं न्हाऊ घालून मग पेटीत ठेवायचं. घरातल्या सगळ्यांचं न्हाणं झालं की तापल्या दगडांवर एक ओगराळं पाणी टाकायचं, बादलीभर कोमट पाणी ठेवायचं, न्हाताना अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची एक जुडी ठेवायची आणि मुकाट्यानं दार ओढून घ्यायचं. ती शेवटची वाफ सौन्याच्या राखणदाराची. त्याला कुणी पाहिलेला नाही. तरी वाफ सोडायची, आणि सोडताना तोंडातून शब्द काढायचा नाही, एवढं पोराटोरांनाही ठाऊक असतं.

नेस्तोरीला तर चांगलंच ठाऊक होतं. तरी एका शनिवारी तो बोलला होता.

२

तीन वर्षांपूर्वी ते फिनलंडहून अमेरिकेला निघाले तेव्हा तिघं होते. नेस्तोरी, त्याची बायको साइमा, आणि चार वर्षांची लेंपी. बोटीवर पाचव्या दिवशी गोवर आला. खालच्या वर्गात माणसं एकमेकांच्या अंगावर झोपत होती, तिथं गोवराला काय उशीर! आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या बोटीवरच्या बाईनं आजारी पोरांचे केस सरसकट कापून टाकले. लेंपीचे केस कापताना तिचं डोकं नेस्तोरीनंच धरलं होतं. साइमा तेव्हा तापानं बेशुद्ध, बायकांच्या बाजूला पडलेली. तिला यातलं काही कळलं नाही.

लेंपी सातव्या दिवशी पहाटे गेली. त्या आठवड्यात त्या बोटीवरून अकरा पोरं समुद्रात सोडली.

बोटीवरच्या बाईनं दुभाष्याकडून सांगितलं होतं, "ज्याला आपलं पोर न्हाऊ घालायचंय त्याला गरम पाणी मिळेल. मात्र जो हात लावेल त्याची बंदरावर वेगळी तपासणी होईल. आजारी निघाला तर आल्या बोटीनं परत." सगळे बाप एकमेकांकडे बघत राहिले. बादली मधोमध ठेवलेली. पाण्यातून वाफ निघत होती. कुणीच उठलं नाही. नेस्तोरीही उठला नाही. आपण पडलो तर साइमाचं कसं होणार, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याला त्या लालभडक पुरळ उठलेल्या अंगाची भीती वाटली होती. पोटच्या पोरीची भीती! मग खलाशांनी त्या सगळ्या पोरांना शिडाच्या कापडात शिवलं, तशीच, आठवड्याच्या घामासकट.

साइमा शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "न्हाऊ घातलं ना रे तिला?"

"घातलं."

"कुणी?"

"होती एक म्हातारी आपल्याकडची. गरम पाण्यानं घातलं. साबण लावून."

"आणि केस?"

"विंचरले. वेण्या घातल्या दोन."

साइमा रडली, पण शांत रडली. ते बघून आपण केलं ते बरंच केलं असं त्याला वाटलं.

मग नव्या घरात राहायला गेल्यावरचा पहिला शनिवार. साइमाचं न्हाणं आटपून ती घरात गेली. सातवा महिना लागला होता तिला. नेस्तोरीनं शेवटचं पाणी दगडांवर टाकलं. वाफ चुर्र करून उठली. खोली आता त्यांच्या बिछान्यांवाचून रिकामी होती आणि फार मोठी दिसत होती. त्याला काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "ये बाळा. तुझं न्हाणं राहिलंय. पाणी ठेवलंय बघ, ये."

नाव काही त्याच्यानं घेववलं नाही.

३

गाय गेल्यावर नेस्तोरीनं उंबऱ्याला बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ होतं.

तो हसला. हात्तिच्या! महिन्यापूर्वी डुक्कर कापलं होतं, मांस इथंच खारवलं, इथंच धुरावर टांगलं. मीठ सांडलं असणार, लाकडात मुरलं असणार. गाईला मिठाचा वास मैलावरून येतो. झालं, सुटलं कोडं. त्यानं त्याच दिवशी उकळतं पाणी आणि राख घेऊन उंबरा घासला, जमीन घासली, वर आणखी दोन बादल्या ओतल्या. काम झाल्यावर त्याला फार हलकं वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी तो जुडी आणायला गेला तेव्हा खालच्या माचावर पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. ओलं अंग टेकून कुणी बसावं आणि मग ते वाळावं, तसा गोल डाग. त्याच्या कडेला मिठाचे बारीक दाणे. डाग एवढासा होता. त्यानं त्यावर आपला पंजा ठेवून पाहिला, तर पंजा थोडा मोठाच.

मांस माचावर ठेवलं होतं का? ठेवलं असेल. आता कुणाच्या लक्षात राहतं? पण तो मधला माच. त्यावरही डाग होते. एकाशेजारी एक. त्यानं पहिले दोन पाहिले आणि मान वळवली. पाणी उडालं असेल, असं तो मोठ्यांदा म्हणाला. रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून त्याला बरं वाटेना.

बादली अर्धी झाली होती. उरलेल्या पाण्याला त्यानं जीभ लावली आणि थुंकला. ती चव तो बोटीच्या कठड्यापाशी चांगली चाखून आला होता. इथून समुद्र म्हणजे रेल्वेनं तीन दिवस.

त्या बुधवारी लोविसाम्हातारी आली. पंचक्रोशीतली सुईण तीच आणि तुंबड्या लावणारीही तीच. हाडकुळी, तोंडाची फटकळ. खाणीतले बाप्येसुद्धा तिला टरकून असायचे. तिनं साइमाचं पोट चाचपलं, तीन कप कॉफी रिचवली आणि मग सौना बघायला निघाली. दार उघडून ती उंबऱ्यातच थबकली.

"काय रे पोरा, मासे खारवतोस की काय इथं?"

"डुकराचं मांस होतं, आजी."

"मला शिकवतोस? डुकराचा वास निराळा." तिनं नाक आत घालून हुंगलं. "बंदरावरचा वास आहे हा. माझा पहिला नवरा खलाशी होता मेला, घरी यायचा तेव्हा असाच घमघमायचा."

"घासून काढतो."

"काढ. जानेवारीत तुझी बायको इथंच बाळंत व्हायचीय. जागा स्वच्छ हवी, आणि मोकळी हवी." मग तिनं त्याच्याकडे तिरकं पाहिलं. "शेवटची वाफ नीट सोडतोस ना? मुकाट्यानं?"

"हो, आजी."

"बोलायचं नाही. कुणाला बोलवायचं नाही. इथं येणाऱ्याला दार कळतं, आपण कोण बोलावणारे?"

नेस्तोरी बुटांच्या टोकांकडे बघत उभा राहिला. म्हातारीनं आणखी काही विचारलं नाही, पण त्या दिवशी ती माचावर टेकली मात्र नाही.

४

साइमाचा मात्र सौन्यात जीव रमत होता. आठवा महिना, पाय सुजलेले. शनिवार उजाडायची ती वाट बघायची. खालच्या माचावर बसून सगळ्यात शेवटपर्यंत थांबायची.

"नेस्तोरी, इथं समुद्राचा वास येतो अलीकडे."

"तळ्याचा असेल."

"तळ्याला मिठाचा वास असतो होय रे?" ती हसली. नेस्तोरीला कळलं, आता ती विचारणार. दर शनिवारी एकदा विचारायचीच ती, वाफ अंगावर आली की.

"सांग ना पुन्हा. लेंपीला कसं न्हाऊ घातलं?"

त्यानं सांगितलं. तीन वर्षं सांगत होता. दर वेळी काहीतरी जास्तीचं सांगावं लागे, नाहीतर ती विचारत राही. मग त्या म्हातारीला निळा रुमाल आला, साबणाला वास आला, कानामागे पुसायला मऊ कापड आलं. आज त्यानं वेण्यांना लाल फितीही बांधल्या. साइमा डोळे मिटून ऐकत होती. गाल ओले होते, घामानं की कशानं ते त्या वाफेत कळत नव्हतं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "नाहीतर मला वाटलं असतं, अजून तशीच फिरतेय माझी पोर."

नेस्तोरीच्या हातातलं ओगराळं भट्टीवर आपटलं.

"इथंच बाळंत होणार मी," साइमा पोटावर हात ठेवून म्हणाली. "तिला नाही मिळालं आपल्या सौन्यातलं पाणी, निदान याला तरी मिळू दे."

घरी जाताना तिनं त्याचा दंड धरला होता, पाय घसरू नये म्हणून. मागं सौन्याचं दार नीट ओढलेलं होतं. आतून ओल्या पावलांचा आवाज आला. टप. टप. मग बऱ्याच वेळानं आणखी एक. छपरावरचा बर्फ वितळून गळत असेल. भट्टी तापलीय, बर्फ वितळणारच. साइमाला ऐकू आला नाही, म्हणजे तसाच काहीतरी बारका आवाज असणार. तो भराभर चालायला लागला.

"अरे हळू! तुझी बायको बदकासारखी चालतेय, दिसत नाही का?"

तो थांबला. तिचा हात आपल्या हातात घट्ट धरला. या सौन्यात हिला बाळंत होऊ द्यायचं नाही, असं त्यानं तिथंच ठरवलं. पण का, ते तिला कसं सांगणार? ते सांगायचं तर सगळंच सांगायला हवं होतं.

५

त्यावर त्यानं तोड काढली ती अशी. पोर न्हायला येतेय, तर न्हाऊ घालावी. जे तेव्हा केलं नाही ते आता करावं, म्हणजे ती जाईल, सौना मोकळा होईल, आणि साइमाला यातलं काही कळायची गरज नाही. गुरांच्या दुखण्याचा विचार करावा तसा त्यानं चार दिवस या गोष्टीचा विचार केला.

शनिवारी साइमा न्हाऊन घरात गेली. बाहेर अजून उजेड होता, बर्फावरचा करडा उजेड, तो एकुलत्या एक काचेतून आत येत होता. नेस्तोरीनं दगडांवर पाणी टाकलं. या वेळी दार ओढलं ते आतून. बादली जवळ घेतली, साबण घेतला, आणि खालच्या माचासमोर गुडघे टेकून बसला. डोळे मिटले.

"मी आहे," तो म्हणाला. "तुझा बाबा."

बराच वेळ काही झालं नाही. दगड तडतडले. आपण वेडे झालो आहोत, घरात जाऊन कॉफी प्यावी, असं त्याच्या मनात आलं. मग मिठाचा वास दाटला. माचाची फळी करकरली, अगदी हलकी, आणि त्याच्या गुडघ्यांवर थेंब पडायला लागले. थेंब बर्फासारखे गार होते.

त्यानं हात पुढे केला. हाताला पाठ लागली. लहान पाठ, मणके मोजता येतील अशी. त्याचा हात आपोआप मागं आला. पुन्हा एकदा तीच भीती. या वेळी त्यानं ओठ दाताखाली धरला आणि हात परत नेला. ओगराळ्यानं पाणी घातलं. साबण लावला. खांदे, काखा, दंड, कोपरं. सरपणाच्या कामात बोटाला चीर पडली होती, ती मिठानं झोंबायला लागली. तो रडत होता आणि बोलत होता.

"मी घाबरलो गं. बादली समोर होती. दोन पावलांवर होती. मी उठलो नाही. तुझ्या आईला खोटं सांगितलं. रागावू नकोस. मान खाली कर, मानेवरून पाणी घालतो."

मान खाली झाली. त्यानं मानेवरून हात वर नेला आणि त्याच्या हाताला केस लागले. लांब, जाड, ओले केस. वेणी होती. कमरेपर्यंत.

नेस्तोरीचा हात तिथंच थांबला. लेंपीचे केस त्याच्या समोर कापले होते. त्या बोडक्या डोक्याचा खरखरीत स्पर्श त्याच्या तळव्यात अजून होता.

त्यानं डोळे उघडले. समोर पाठमोरी एक पोर होती. सातआठ वर्षांची असावी. कुणाची तरी. केस कापायच्या आधीच, पहिल्या दिवशीच गेलेली असावी. तिनं मागं वळून पाहिलं नाही आणि त्यानंही तिचा चेहरा बघितला नाही. पण तिच्या डोक्यावरून, वाफेतून, त्याला वरचे माच दिसले. माचावरून खाली लोंबणारे पाय दिसले. लहान लहान पाय, एका ओळीत, ओले. एकही पाय हलत नव्हता. ती मुलं मुकाट्यानं बसली होती, आपापल्या पाळीची वाट बघत.

ये बाळा, असं म्हणाला होता तो. नाव घेतलं नव्हतं.

त्याला ओरडत पळून जावंसं वाटलं. पण हाताखालचं पोर अर्धवट न्हालेलं होतं, केसांत साबण होता. तसं पोर सोडून माणूस उठणार कसा? त्यानं मान खाली घातली, नजर फक्त त्या वेणीवर ठेवली, आणि ती सोडून, धुऊन, पिळून दिली. पाणी संपलं. पुढ्यातली फळी पुन्हा करकरली आणि मोकळी झाली.

दार उघडून तो बाहेर बर्फात पडला तो तसाच, उघड्या अंगानं.

६

"सौन्यात नाही बाळंत व्हायचं तू," तो घरात येऊन म्हणाला.

साइमा चुलीपाशी उभी होती. त्याचं तोंड बघून तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "का?"

मग त्यानं सगळं सांगितलं. बादली, बोटीवरची बाई, अकरा पोरं. निळ्या रुमालाची म्हातारी कधी नव्हतीच, साबण नव्हता, काही नव्हतं. वेणीवाली पोर आणि ओळीतले पाय. सांगताना तो भिंतीकडे बघत होता.

साइमानं मधे एकदाच तोंड उघडलं. "केस कापले होते?"

"हो."

"आणि तू मला फितींचा रंग सांगितलास."

ती त्यावर रडली नाही, ओरडली नाही, त्याला मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ती खुर्चीत बसली आणि अंधार होईपर्यंत बसून राहिली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. जेवण वाढायची, कॉफी ठेवायची, पण बोलणं बंद. पुढच्या शनिवारी सौना तापला नाही. संध्याकाळी तिकडून काही आवाज नव्हता. त्या नसलेल्या आवाजानंच नेस्तोरीला घरात बसवेना.

दहाव्या दिवशी कळा सुरू झाल्या. लोविसाम्हातारी बर्फातून घसरगाडीवर आली ती तणतणतच.

"घरात? माणसं जेवतात त्या खोलीत? लोक काय म्हणतील मला? मांजरसुद्धा आडोसा बघतं गं!"

"आजी, सौना रिकामा नाही," साइमा म्हणाली.

म्हातारीनं नेस्तोरीकडे पाहिलं. त्याच्या मानेकडे, खाली गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग बाह्या सरसावल्या. "बोललास ना मुडद्या? बरं. पाणी तापव. चुलीवर तर चुलीवर."

मुलगा झाला. लाल, आडदांड, घसा फाडून रडणारा. म्हातारीनं त्याला परातीत न्हाऊ घातलं. तो रडत असताना साइमानं एकदा खिडकीतून सौन्याकडे पाहिलं. नेस्तोरीनं ते बघितलं आणि तो खिडकीच्या आड येऊन उभा राहिला.

७

तीन आठवडे झाले. शनिवारी दुपारी साइमानं पंचे घडी केले, साबण घेतला, बाळाला उचलून नवऱ्याच्या हातात दिलं.

"धर याला."

त्या दिवसानंतर त्याच्याशी तिचं ते पहिलं बोलणं. नेस्तोरीनं विचारलं, "कुठं निघालीस?"

"पोरं ताटकळली असतील. सौना तापव."

"साइमा, तुला कल्पना नाही. मी पाहिलंय. नको जाऊस."

"अकरा आयांची पोरं आहेत ती. त्यांच्या आयांना कुणीतरी सांगितलंच असेल की न्हाऊ घातलं म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं त्याला. "तू बाहेर बस. बाळाला ऊब लागेल असा बस."

तो पायरीवर बसला, बाळ कोटाच्या आत छातीशी. आतून वाफेचा आवाज आला, मग पाण्याचा. मग बराच वेळ साइमाचं हळू बोलणं. ती बाहेर आली तेव्हा हात मिठानं पांढरे झाले होते.

"दोन झाली," एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी एकच झालं. "बारकं होतं फार. मांडीवरून उतरेना." त्यापुढच्या शनिवारी दोन. तिच्या बोटांना भेगा पडल्या, रात्री ती त्यांना लोणी चोळायची. नेस्तोरी रोज ठरवायचा की विचारावं, आणि प्रत्येक वेळी उठून सरपण फोडायला जायचा. शेवटी एकदा विचारलंच, "आपली होती का गं?"

"नाही अजून."

"का नाही?"

"लेंपी कधी पुढे घुसायची का? सगळ्या पोरांना आधी जाऊ द्यायची. शेवटीच येईल ती."

मग मार्चमधला तो शनिवार आला. नेस्तोरीनं मनात हिशेब धरला होता. एक त्यानं स्वतः घातलेली, नऊ साइमाची. राहिलं एक. तो पायरीवर बसला. दिवस मोठा झाला होता, छपरावरून खरोखरच बर्फ गळत होता. बाळ कोटात झोपलं होतं.

आत वाफ उठली. साइमा काहीतरी पुटपुटली आणि मग एकदम तिचा आवाज चढला, तोच जुना, गावाकडचा, वैतागलेला आवाज. "डोळे मीट म्हटलं ना! साबण गेला की मग रडत बसशील. मीट घट्ट!"

इतर कुणा पोराला ती असं रागावली नव्हती. नेस्तोरीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. त्याला आत जायचं होतं. उठलाही, दाराला हात लावला. मग आत बोलावलंय का आपल्याला, असं त्यानं स्वतःलाच विचारलं आणि परत खाली बसला.

पाण्याचा आवाज थांबेना. एवढ्या वेळात दगड निवायला हवे होते, बादली संपायला हवी होती. ऊन झाडांच्या मागं गेलं. ही आता बाहेर येतच नाही, अशी त्याला भीती वाटली. त्यानं दोनदा हाक मारली.

मग दार उघडलं. साइमा उंबऱ्यात उभी राहिली. झगा छातीपासून खाली ओलाचिंब होता, कुणाला तरी खूप वेळ कवटाळून बसल्यासारखा. तिनं दार मागं ओढून घेतलं, नीट, मुकाट्यानं. नवऱ्याशेजारी पायरीवर बसली आणि बाळाला घेतलं.

"झालं," ती म्हणाली.

ती बाळाला पाजत होती, तळ्याकडे बघत होती. मग तिनंच सांगितलं.

"विचारत होती, बाबा तेव्हा का नाही उठले म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, बाबा घाबरले होते."

"मग?"

साइमाला तेव्हा कुठे रडू फुटलं.

"म्हणाली, 'मीपण.'"